पाहुण्यांना समुद्राची ओढ कशी दाखवायची: किनाऱ्यावर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

कोकणात होमस्टे सुरू केलाय, सहलीचा ग्रुप घेऊन येताय, शाळेच्या ट्रिपबरोबर शिक्षक म्हणून आला आहात किंवा पुळणीवर शहाळ्यांची गाडी लावलीय, तर एक काम कुणी न सांगताच तुमच्या गळ्यात पडतं: पाण्याकडे धावणाऱ्या माणसांना दोन शब्द सांगायचं. बहुतेक जण ते एका वाक्यात उरकतात. "फार आत जाऊ नका हं." पाहुणा "छे छे, पायच भिजवतोय" म्हणतो आणि पाचव्या मिनिटाला कमरेएवढ्या पाण्यात असतो. त्याला मी फारसा दोष देत नाही. ‘फार’ म्हणजे किती आणि ‘आत’ म्हणजे नेमकं कुठे, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

समुद्रातला धोका अख्ख्या किनाऱ्यावर सारखा पसरलेला नसतो. तो बऱ्याचदा ठरावीक पट्ट्यांत असतो, आणि नवख्या माणसाला नेमका तोच पट्टा सगळ्यात सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाटा कमी फुटतात. म्हणून पाहुण्याला बंदी सांगण्यापेक्षा जागा दाखवावी, असं माझं मत आहे. बोट करून: ते बघा, तिथे नको, इकडे या. त्यासाठी आधी ती जागा आपल्याला ओळखता आली पाहिजे.

पाणी बाहेर का धावतं

लाटा एकामागून एक येऊन फुटतात तेव्हा पाणी किनाऱ्याकडे ढकललं जातं आणि तिथे साठतं. ते परत फिरायला वाट शोधतं. समोर पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात, किनाऱ्याला साधारण समांतर. त्यांच्यावरून लाटा आत येतच असतात, त्यामुळे तिथून परत जाणं पाण्याला जड जातं. पावसाळ्यात शेताच्या बांधाला खांड पडली की साचलेलं सगळं पाणी तेवढ्या खांडीतूनच सुसाट निघतं, तसंच इथेही होतं. वाळूच्या उंचवट्यात जिथे खोलगट खांड असेल तिथून पाण्याची धार समुद्राकडे धावते. हाच रिप करंट. आपल्याकडे मच्छीमार ‘तिथे ओढ आहे’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा ते याच्याबद्दलच बोलत असतात.

ही धार कधी चार-पाच मीटर रुंद असते, कधी तीस-चाळीस मीटर. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे गेली की ती पसरते आणि तिचा जोर संपतो. नेहमीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतो, पण हिशेब करा: मिनिटाला तीस मीटर. छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस मिनिटाभरात पाय न टेकणाऱ्या पाण्यात जातो. जोरदार धारेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वरही मोजला गेलाय. त्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकचा पोहणाराही टिकत नाही.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, कारण पाहुणे हमखास विचारतात. एक, ही धार माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेते. वर्तमानपत्रात ‘भोवऱ्यात सापडून’ असं येतं, पण तिथे भोवरा असायलाच पाहिजे असं नाही. माणूस बुडतो तो बहुधा धारेविरुद्ध किनाऱ्याकडे हातपाय मारून दमल्यामुळे किंवा पोहताच येत नसल्यामुळे. दोन, लाट परतताना पायाखालची वाळू सरकते, टाचा रुततात, तो रिप करंट नव्हे. ते प्रत्येक किनाऱ्यावर होतं. पण उतार खडा असेल तर तेवढ्यानेही लहान मूल किंवा वयस्क माणूस पडतो आणि पुढची लाट त्याला उठू देत नाही. तेव्हा तेही हसण्यावारी न्यायचं नाही.

आपला किनारा आधी पायाखाली घाला

पूर्ण ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. भरतीला जे झाकलेलं असतं ते तेव्हा उघडं पडतं. कुठे वाळूचा उंचवटा आहे, त्याच्या अलीकडे पाणी साचून राहिलेली लांबट डबकी कुठे आहेत आणि त्या डबक्यांतलं पाणी कुठल्या वाटेने समुद्राकडे निघालंय, ते बघा. ती वाट म्हणजे उद्याच्या ओढीची संभाव्य जागा. समोरचं माडाचं झाड, एखाद्या घराचं कौलारू छप्पर, देवळाचा कळस अशी किनाऱ्यावरची खूण धरून ती लक्षात ठेवा. पण कायमची धरून चालू नका. वाळू हलते. पावसाळ्यानंतर तर अख्ख्या पुळणीचा आकार बदललेला असतो, आणि मोठ्या उधाणानंतर चार दिवसांतही खांड पन्नास पावलं सरकते.

खडक, जेट्टी किंवा धूपप्रतिबंधक बंधारा असेल तिथे मात्र जागा फारशी बदलत नाही. किनाऱ्याला लागून वाहणारं पाणी अशा अडथळ्याला थटलं की त्याच्या कडेने बाहेर वळतं. फोटोसाठी सगळ्यांना तोच कोपरा हवा असतो, हे वेगळं सांगायला नको.

खाडीचं मुख ही तिसरी जागा, आणि ती माझ्या मते सगळ्यात फसवी. देवबागला कर्लीचं मुख, आंजर्ल्याला जोग नदीचं, मोरजीला शापोऱ्याचं, बागा किनाऱ्याच्या उत्तर टोकाला बागा खाडी. तिथे ओहोटी लागली की अख्ख्या खाडीचं पाणी तेवढ्याशा तोंडातून बाहेर पडतं. शास्त्राच्या भाषेत तो रिप करंट नाही, भरती-ओहोटीचा प्रवाह आहे, आणि त्याला लाटांचीही गरज लागत नाही. पृष्ठभाग तेलासारखा गुळगुळीत आणि खाली धार. रिपमधून बाहेर पडायची जी युक्ती पुढे सांगितलीय ती इथे पुरत नाही, कारण हा प्रवाह रुंद असतो आणि तासन्‌तास चालतो. पाहुण्यांना एवढंच सांगा: खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचंच नाही, गुडघ्याएवढ्याही नाही.

मग गावातल्या जाणत्या मच्छीमाराला गाठा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसाला आपल्या पुळणीचा तळ घराच्या अंगणासारखा माहीत असतो. "काका, पाणी कुठे खेचतं?" एवढं विचारा आणि त्यांच्याबरोबर एकदा चालून या. "इथे कोण बुडालं होतं?" हाही प्रश्न विचारा. उत्तरात बहुधा एकच जागा पुन्हा पुन्हा येते.

भरतीचं गणित

वाळूच्या खांडीतली ओढ साधारणपणे पाणी उतरताना आणि ओहोटीच्या आसपास वाढते, कारण उंचवटे वर येतात आणि पाण्याला जायला तेवढी खांडच उरते. सगळीकडे हे असंच होतं असं नाही, पण नवख्याने हे धरून चालावं.

भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर मिळतं. तरी कोकणातला जुना हिशेब शिकून घ्या, रेंज नसली तरी चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, गावागणिकही थोडा फरक पडतो.

आता हा हिशेब सहलीच्या वेळेला लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. पाहुणे जेवून, वामकुक्षी काढून चार-साडेचारला पाण्यावर येतात, तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं असतं, तेही उधाणाचं. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीत चारेक मीटरचा फरक पडतो, खाली गोव्याकडे दोनेक मीटरचा. शनिवार-रविवार आणि पौर्णिमा किंवा अमावास्या एकत्र आली की मी त्या संध्याकाळी पुळण सोडत नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी त्या मानाने कमी चढतं-उतरतं.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला नको. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही, यांत्रिक होड्याही १ जूनपासून बंदीमुळे वर ओढलेल्या असतात. पण पाहुण्यांच्या मनात ‘पावसाळा संपला म्हणजे समुद्र निवळला’ असं असतं, ते काढा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेले आठ विद्यार्थी गेले. दोन्ही वेळा आभाळ कोरडंच होतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला असताना, ऊन लख्ख असताना दूर दक्षिणेच्या हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा इथवर येऊन पोचतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचा इशारा देते. तो सकाळी बघायची सवय लावा, आणि बंदरात धोक्याचा बावटा लागलाय का तेही.

नजर कशी बसवायची

पाण्याच्या काठावर उभं राहून ओढ दिसत नाही. थोडं उंच व्हा: वाळूची टेकडी, बंधारा, नाहीतर होमस्टेची गच्ची. आणि दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा झुंडीने येतात, मध्ये विसावा असतो. विसाव्यात बघितलंत तर काहीच कळणार नाही.

काय शोधायचं? फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रेषेत पडलेली फट. दोन्ही बाजूंना फेस उसळतोय आणि मधल्या पट्ट्यात पाणी गप्प आहे, तर ती जागा संशयाची. मग त्या पट्ट्याचा पृष्ठभाग बघा: तिथे बारीक, उलटसुलट लहरी उठत असतील, आणि फेस, पालापाचोळा, वाळूने गढूळ झालेलं पाणी किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी समुद्राकडे चाललं असेल, तर खात्री धरा.

इंग्रजी व्हिडिओंत ‘गडद रंगाचं पाणी बघा’ असं सांगतात. खोल पाणी गडद दिसतं हे खरंच, आणि तारकर्ली, पालोलेमसारख्या स्वच्छ पाण्याच्या जागी ही खूण थोडीफार चालते. अलिबाग, काशीद, मुरूडकडे पाणीच मातकट. तिथे रंगाच्या भरवशावर राहिलात तर काहीच दिसायचं नाही. तिथे फेसाकडेच बघा.

आणि ओढ दिसली नाही म्हणून ती नाही असं समजू नका. संध्याकाळी सूर्य समोर असतो, पाणी चमकतं, नजर चालत नाही. नेमकी तीच गर्दीची वेळ.

सांगायचं कधी आणि कसं

पाहुणे खोलीवर आले, चहा झाला, कपडे बदलायच्या आधी: ही वेळ. एकदा पोरं पाण्यात गेली की तुम्ही कितीही ओरडा. बसमधे माइकवरून सांगितलेलं तर कुणीच ऐकत नाही, सगळे गाण्यांत असतात. खोलीत चार वाक्यं बोला आणि मग त्यांच्याबरोबर पुळणीपर्यंत चालत जा. खरी शिकवणी तिथे उभं राहून होते.

ऐकणारा कोण तेही हेरा. कुटुंब असेल तर आईशी आणि आजीशी बोला. त्या पाण्यात कमी जातात, नजर ठेवतात आणि त्यांचं घरात चालतं. मित्रांचं टोळकं असेल तर ज्याच्या शब्दाला बाकीचे हसत नाहीत त्याला बाजूला घ्या. "दादा, तुमच्यात पोहता न येणारे किती?" हा प्रश्न एकदम उपयोगाचा. त्याला मोजावं लागतं आणि मोजताना तो गंभीर होतो.

वाक्यं साधी ठेवा. साधारण असं:

"ताई, ते दोन माड दिसतात ना, त्यांच्या समोर बघा. तिथे लाट फुटत नाहीये. शांत दिसतं, पण तिथून पाणी बाहेर जातं. तिकडे मुलांना न्यायचं नाही. इकडे डावीकडे, लाट फुटून सपाट होऊन येते तिथे पाय भिजवा. गुडघ्याच्या वर पाणी नको. मुलाचा हात तुमच्या हातात."

धोका, दुर्घटना, मृत्यू हे शब्द यात नाहीत. घाबरवलं की माणूस एक तर सहल वाया गेल्यासारखा रुसतो किंवा मुद्दाम बढाई मारतो. जागा, खोली आणि पर्याय एवढं दिलं की तो ऐकतो. पर्याय महत्त्वाचा: ‘इथे नको’च्या पाठोपाठ ‘तिथे चालेल’ आलं पाहिजे. अर्थात, ज्या दिवशी लाटा मोठ्या आहेत त्या दिवशी ‘आज कुठेच नको’ हेही ठामपणे सांगता आलं पाहिजे.

मुलांसाठी नारळ वापरा. सोलायच्या आधीचे दोन सुके, सोडणासकट असलेले नारळ घ्या. कोरड्या वाळूला लागून उभं राहून एक फेसाळ भागात फेका आणि दुसरा त्या शांत पट्ट्यात. पहिला लोळत लोळत परत पायाशी येतो. दुसरा सुरुवातीला जागेवर डुचमळतो, मग हळूच पाठ फिरवतो आणि निघतो. तुम्ही वीस-पंचवीस मोजेपर्यंत पहिल्या लाटेच्या पलीकडे तपकिरी ठिपका उरतो. कुठलाही फलक हे काम करत नाही. नारळ आणायला कुणी पाण्यात धावणार नाही, हे मात्र फेकायच्या आधीच बजावा.

दाखवून शिकवायची ही रीत काही आपलीच नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले रॉब ब्रँडर रिप करंटमध्ये निरुपद्रवी रंग सोडून लोकांना तो कसा बाहेर जातो ते दाखवत आलेत. ऑस्ट्रेलियाचं नाव निघालंच आहे तर, मुलांकडे सिडनी-मेलबर्नला जाणाऱ्या आईवडिलांनाही एक सांगून ठेवा: तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच जायचं, बाहेर नाही. गोव्यातही तीच पद्धत आहे. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेला भाग, नुसता लाल म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात. मुंबईच्या चौपाट्यांवर आणि कोकणातल्या काही गर्दीच्या किनाऱ्यांवरही जीवरक्षक दिसतात. लहान पुळणींवर मात्र बहुधा कुणीच नसतं. तिथे पाहुण्यांसाठी तुम्हीच आहात.

सापडलंच तर

परदेशी सूचना पोहता येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे पाण्यात उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांना पोहता येत नाही, अंगावर जीन्स नाहीतर साडी असते. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात.

पोहता न येणाऱ्याला: पाय टेकतायत तोवरच सगळं हातात आहे. पाणी बाहेर ओढतंय असं वाटलं की समुद्राकडे पाठ करून सरळ किनाऱ्याकडे झटू नका. लाटेला खांदा देऊन तिरके उभे राहा, पाय घासत घासत बाजूला सरका, फेस आहे त्या दिशेला. पाय सुटलेच तर उताणं व्हा, कान पाण्यात जाऊ देत, तोंड आभाळाकडे, हात पसरलेले. ओरडताना दोन्ही हात वर नेले की माणूस खाली जातो. एकच हात वर करा.

पोहता येणाऱ्याला: पहिली गोष्ट म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून पोहू नका. हे सगळ्यात कठीण, कारण किनारा समोर दिसत असतो आणि दर सेकंदाला लांब जात असतो. तरंगत राहा, श्वास लागू दे, एक हात वर करून खूण करा. मग किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतायत त्या बाजूला पोहा आणि तिथून लाटेबरोबर तिरके आत या. एका बाजूला जाताना पाणी विरोध करत असेल तर दुसरी बाजू धरा. दम नसेल तर नुसतं तरंगा. जीपीएस लावलेले तरंगते गोळे सोडून शास्त्रज्ञांनी मोजलंय: बऱ्याच रिप करंटमध्ये पाणी गोल फिरून पुन्हा उथळ भागाकडे येतं. सगळ्यांत नाही, काही सरळ बाहेर नेतात. पण लाटांच्या रेषेपलीकडे त्यांचाही जोर संपतो आणि तरंगणारा माणूस मदत येईपर्यंत टिकतो.

दारू प्यायलेल्याला यातलं काहीही सांगून उपयोग नाही. त्याला पाण्यापर्यंत पोचू न देणं एवढंच आपल्या हातात. मी सरळ बोलतो: "पाणी सकाळी बघू, आत्ता मासे गरम आहेत." वाद घालण्यापेक्षा ताट वाढणं बरं. सूर्य बुडाल्यावरही हाच नियम, प्यायलेला असो वा नसो.

काठावरच्यांनी काय करायचं

एकाला वाचवायला दुसरा, त्याच्यामागे तिसरा, असं होत एकाच घरातली माणसं जातात. भाऊ, बाप, मित्र यांना थांबवणं हे तुमचं काम, आणि ते आधीच सांगून ठेवलेलं असेल तरच जमतं. हातात हात धरून माणसांची साखळी करायचा मोह होतो. करू देऊ नका. मधल्या एकाचा हात सुटला की पुढचे सगळे धारेत.

त्याऐवजी तरंगणारं काहीतरी फेका. टायरची ट्यूब, मासळीची थर्माकोलची पेटी, फुटबॉल, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन. असा कॅन छातीशी धरला तर माणसाचं तोंड पाण्यावर राहतं. दाराशी ट्यूब, वीस-पंचवीस मीटर नायलॉनची दोरी आणि एक शिट्टी टांगून ठेवा. खर्च एका थाळीच्या आसपास.

एका माणसाला फक्त एकच काम द्या: बुडणाऱ्याकडे बोट रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांत डोकं क्षणात हरवतं आणि मग होडी आली तरी कुठे जायचं ते कळत नाही. दुसऱ्याने फोन करायचा. ११२ आणीबाणीसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १५५४ तटरक्षक दलासाठी. पण त्याही आधी गावातल्या होडीवाल्याला आणि जवळ बनाना बोट, जेट स्की चालवणाऱ्या पोरांना. त्यांच्याकडे यंत्र आहे, लाइफ जॅकेट आहे आणि ते दोन मिनिटांच्या अंतरावर असतात. त्यांचे नंबर मोबाईलमध्ये असतीलच. भिंतीवरही मोठ्या अक्षरात लिहा, कारण त्या वेळी मोबाईल कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही.

बाहेर काढल्यावर

पोटावर दाब देऊन पाणी काढणं, उलटं धरणं, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं हे प्रकार अजून होतात. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलट फुप्फुसात जातं.

हाक मारा, खांदे हलवा, छाती वरखाली होतेय का बघा. श्वास नसेल किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील तर कडक, सपाट वाळूवर उताणं झोपवा. बुडालेल्या माणसाला मुख्यतः हवा कमी पडलेली असते, म्हणून आधी हनुवटी वर करून, नाक बंद करून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. लहान मुलाला दाब त्याच्या छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. मदत येईपर्यंत थांबायचं नाही; दमलात तर माणूस बदला. वाचून हे जमत नाही, हात बसावा लागतो. तालुक्याच्या रुग्णालयात किंवा रेड क्रॉसकडे प्रशिक्षणाची चौकशी करा.

श्वास चालू असेल, पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. ओले कपडे काढा, कोरडं पांघरा.

आणि जो उठून बसला, हसला, "काही नाही हो, थोडं पाणी गेलं नाकातोंडात" म्हणाला, त्यालाही नजरेआड करू नका. खोकला थांबत नाही, धाप लागतेय, ओठ निळसर दिसतायत, गुंगी येतेय, यातलं काहीही दिसलं तर लगेच गाडीत घालून दवाखान्यात. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं. ग्रुप त्याच रात्री परतीला निघणार असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला दाखवून घ्या. घाटात अर्ध्या वाटेवर धाप लागली तर जवळपास कुणीच नसतं.